पाणी कुठवर आलं होतं?

पंचवटीतल्या ज्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, तिथून गोदाघाट चालत दहा मिनिटांवर आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की वाचनाच्या तासाला मुलांचं लक्ष पुस्तकात राहत नाही. ‘बाई, मारुतीच्या गुडघ्याला लागलंय,’ अशी खबर कुणीतरी आणतंच. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे आणि गोदेचा पूर किती चढला हे आम्ही त्या मूर्तीवरून ओळखतो. पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकचे आकडे मागाहून कळतात.

शाळेच्या ग्रंथालयात वेबवरची साधनं वापरायची माझी दीड वर्षाची खटपट शेवटी या मारुतीपाशीच, म्हणजे मुलांनी केलेल्या पुराच्या खुणांच्या नकाशापाशी, येऊन मार्गी लागली. त्याआधी केलेलं काही वाया गेलं, काही आजही रोज उपयोगी पडतं. दुसऱ्या कुणा ग्रंथपालाला किंवा शिक्षकाला यातलं थोडं जरी कामी आलं तर हवं आहे, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

सुरुवात पुस्तकांच्या यादीपासून झाली. आमच्याकडे साडेसहा हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत आणि दाखल नोंदवहीच्या आठ जाड वह्या. माझ्या आधीच्या कुणीतरी त्यातली निम्मी यादी संगणकावर टाइप करून ठेवली होती. ती फाइल उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमधली ती यादी होती. त्या पद्धतीत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराला ‘क’चा आकार चढवलेला असतो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे मराठी दिसत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारी परिवर्तकं मिळतात. त्यातून यादी काढली, पण जोडाक्षरं आणि रफार जागोजाग फुटले होते.

ती दुरुस्ती नववीतल्या आठ मुलामुलींनी केली. दिवाळीच्या सुट्टीआधीचे दोन आठवडे, रोज मधल्या सुट्टीत. एकानं नोंदवहीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर सुधारायचं. काम कंटाळवाणं होतं आणि मला वाटलं होतं, तिसऱ्या दिवशी कुणी येणार नाही. झालं वेगळंच. वाचता वाचता मुलं थांबायची, ‘बाई, हे पुस्तक आपल्याकडे आहे? कुठल्या कपाटात?’ वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं त्या दोन आठवड्यांत घरी गेली. यादी दाखवली की वाचक मिळतो हे मी पाठ्यपुस्तकात शिकले होते, डोळ्यांनी तेव्हा पाहिलं.

यादी गूगल शीटमध्ये ठेवली, फक्त पाहता येईल अशी लिंक केली, तिचा क्यूआर कोड छापून प्रत्येक कपाटाच्या दाराला लावला. शाळेचा एक टॅब ग्रंथालयात असतो, त्यावर मुलं शोधतात. घरून पालकांच्या फोनवरही शोधता येतं.

आणि मग शोधण्याचीच अडचण आली. सातवीतली एक मुलगी टॅब घेऊन माझ्याकडे आली. पुस्तक समोरच्या फळीवर दिसत होतं, नावात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता, पण तो टाइप केला की यादीत काहीच सापडेना. अक्षरं तीच, शब्द तोच. उलगडा व्हायला मला तीन दिवस लागले. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. आमच्या यादीत एक तऱ्हा, टॅबच्या कीबोर्डवर दुसरी. पूर्ण यादीत शोधून-बदलून एकच तऱ्हा ठेवली. मराठी यादी करणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्याच दिवशी तपासावं, असं मी कळकळीनं सांगेन.

त्याच आठवड्यात शीटमध्ये ‘शोधशब्द’ असा एक जास्तीचा रकाना घातला. मुलं जसं लिहितात तसं त्यात लिहिलं. शिरवाडकर, शीरवाडकर, कुसुमाग्रज, कुसूमाग्रज, सगळं एकाच नोंदीत. तालिकेच्या कार्डांच्या काळात आम्ही ‘कुसुमाग्रज, पाहा शिरवाडकर, वि. वा.’ असं कार्ड लावायचो, तेच काम आता हा रकाना करतो. एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली की अशानं चुकीच्या लेखनाला आपण मान्यता देतो. मला ते पटलं नाही. ऱ्हस्वदीर्घाची चूक वर्गात सुधारावी, तिच्यापायी पुस्तक मिळायचं राहू नये. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाचा वेळही वेळच असतो.

यादीमुळे मुलं शोधायला लागली, पण पुस्तकाबद्दल बोलत नव्हती. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन त्याआधी जवळ आला होता, तेव्हा पॅडलेटवर एक भिंत उघडली होती. वर्गातल्या फळ्यावर चिठ्ठ्या लावाव्यात तशी ही वेबवरची जागा. लिंक किंवा क्यूआर कोडवरून उघडायची, मजकूर, चित्र किंवा आवाज लावायचा. चिठ्ठी लावायला मुलांना स्वतःचं खातं लागत नाही, माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं. मोफत खात्यात भिंती मोजक्याच मिळतात, त्यामुळे एक भिंत रिकामी करून पुन्हा वापरावी लागते.

पहिला प्रश्न ठेवला, ‘तुम्हाला आवडलेलं पुस्तक कोणतं आणि का?’ बावन्न चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या चाळिसांहून अधिक चिठ्ठ्यांत एकच वाक्य होतं, थोडं इकडेतिकडे करून: या पुस्तकातून मला चांगला बोध मिळाला. मी घरी बसून त्या सगळ्या वाचल्या आणि वाईट वाटलं. पण चूक मुलांची नव्हती. तो प्रश्न परीक्षेचा होता, त्यांनी परीक्षेचं उत्तर दिलं. साधन नवं आणि विचारणं जुनंच असं झालं होतं.

डिसेंबरात प्रश्न बदलला. ‘वाचता वाचता कोणत्या पानावर थांबलात? का थांबलात?’ या वेळी चिठ्ठ्या कमी आल्या, एकोणतीस, पण प्रत्येक वेगळी. एकीनं लिहिलं की गोष्टीतलं कुत्रं मरणार हे कळल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडलं. एकानं लिहिलं, आई बोलवायला आली तेव्हा थांबलो, परत पान सापडलं नाही. तिघांनी एकाच मालिकेतल्या पुस्तकांविषयी लिहिलं की अक्षरं बारीक आहेत, डोळे दुखतात. ती पुस्तकं मीच पाचवीच्या फळीवर लावली होती. दुसऱ्या दिवशी ती वरच्या वर्गांच्या कपाटात हलवली आणि भिंतीवर त्या चिठ्ठ्यांखाली तसं लिहिलं. आपण लिहिलेल्यानं फळी हलली हे मुलांनी पाहिलं. तिथून भिंतीवरचा मजकूर खरा व्हायला लागला.

एक वाईट गोष्टही घडली, ती लपवत नाही. एका मुलीच्या चिठ्ठीखाली कुणीतरी निनावी शेरा लिहिला, तिच्या लेखनातल्या चुकांवर. तिनं तो वर्गात, सगळ्यांसमोर वाचला. मी त्याच तासाला भिंत बंद केली, तिच्याशी बोलले, तिच्या आईशी बोलले. शेरा कुणी लिहिला हे शोधत बसले नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे मी मान्यता दिल्याशिवाय कोणतीही चिठ्ठी दिसत नाही, एकमेकांच्या चिठ्ठीखाली शेरे लिहिण्याची सोय बंद असते, नाव लिहायचं नाही, फक्त इयत्ता आणि वाचक क्रमांक. चेहरा दिसेल असा फोटो नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. आम्ही तर नावच घेत नाही, तरीही वर्षाच्या सुरुवातीला पालकांना एक साधं मराठी पत्र देतो आणि सही घेतो. ही सगळी व्यवस्था भिंत उघडण्याआधी करायला हवी होती. त्या मुलीनं पुन्हा चिठ्ठी लिहायला मार्च उजाडला.

मध्ये एक मोफत पांढरा फळा देणारी सेवाही वापरत होते. ती कंपनीनं बंद केली. सूचना आली होती, माझ्या पाहण्यात उशिरा आली, आणि आठवीचं काम गेलं. तेव्हापासून दर शनिवारी सगळं उतरवून शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवते. जे महत्त्वाचं ते छापून घेते.

आता नकाशाकडे येते.

जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं. भूगोलाचे सर आणि मी बोलत होतो की मुलांना असा प्रश्न द्यावा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि इंटरनेटवरही नाही, फक्त त्यांच्या घरात आहे. पंचवटीतल्या, हिरावाडीतल्या, पेठ रोडच्या घरांमध्ये काय आहे जे आमच्या साडेसहा हजार पुस्तकांत नाही? सर खिडकीतून पाहत म्हणाले, ‘पूर.’

प्रश्न असा ठरला: ‘तुमच्या घरातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? त्यांना ती जागा दाखवायला सांगा.’ त्यासाठी गूगल फॉर्म केला. कोणता पूर, पाहणाऱ्याशी तुमचं नातं काय, जागेची खूण (पायरी, ओटा, उंबरा, दुकानाची फळी), आणि जागेचे अक्षांश-रेखांश. फॉर्ममधून फोटो चढवायचा तर मुलांना गूगल खात्यात शिरावं लागतं, म्हणून फोटो शाळेच्या टॅबवर सरांनी काढले. फॉर्मची उत्तरं शीटमध्ये जमतात, आणि ती शीट गूगल माय मॅप्समध्ये आणली की नकाशावर खुणा उमटतात. एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शीटमध्ये नंतर भर घातली तर ती नकाशावर आपोआप येत नाही, तो थर पुन्हा आणावा लागतो.

पहिल्या दिवशी नकाशा उघडला तर नाशिकमध्ये मोजून चार खुणा होत्या. काही उत्तरं नकाशानं घेतलीच नव्हती, कारण मराठी कीबोर्डवरून अक्षांश देवनागरी आकड्यांत भरले होते. आणि पाच खुणा नॉर्वेच्या उत्तरेला, थेट समुद्रात. वर्ग अवाक. मग एकीच्या लक्षात आलं: नाशिक साधारण २० अंश उत्तर आणि ७३.८ अंश पूर्व, त्यांनी दोन आकडे उलटे भरले होते. ७३.८ उत्तर आणि २० पूर्व म्हणजे उत्तर ध्रुवाच्या वाटेवर. भूगोलाच्या सरांनी तो तास तिथेच घेतला, नकाशा मोठा-लहान करत. आधी अक्षांश, मग रेखांश, हे त्या वर्गात आता कुणीही विसरणार नाही.

माझ्यासाठी या सगळ्यातली मोठी गोष्ट वेगळीच घडली. आठवीत एक मुलगा आहे. वाचक कार्डावर दोन वर्षांत एकही नोंद नाही. त्याचे आजोबा घाटावर फुलं विकतात आणि सुट्टीच्या दिवशी तो त्यांच्यासोबत असतो. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, ‘बाई, पायऱ्या वरून मोजायच्या का खालून?’ मला प्रश्नच कळला नाही. त्यानं समजावलं. फॉर्ममध्ये काहींनी ‘सातव्या पायरीपर्यंत’ असं लिहिलं होतं. पण खालच्या पायऱ्या कायम पाण्यात, त्या कुणी कशा मोजणार? आणि एकानं वरून, एकानं खालून मोजलं तर सगळंच चुकीचं. वरच्या पायरीपासून मोजायचं, कारण ती सगळ्यांना दिसते.

सगळी मोजणी त्या एका वाक्यावर पुन्हा केली. मी आणि सर मिळून आखलेल्या फॉर्ममध्ये हे राहिलं होतं, आणि ते घाटावर बसणाऱ्या पोरालाच दिसलं. पुढच्या शनिवारी तो सहा जणांना घेऊन घाटावर गेला, सर सोबत होते, आणि एका सकाळी अकरा खुणा आणल्या. त्याच सोमवारी त्यानं पहिलं पुस्तक नेलं, नद्यांवरचं, चित्रांचं. मी काही बोलले नाही, फक्त कार्डावर शिक्का मारला. हात थरथरत होता.

खुणा वाढल्या तसे वाद वाढले. २००८ आणि २०१६ चे पूर आईवडिलांनी पाहिलेले, ते सोपे होते. २०१९ चा तर काही मुलांनाच पुसटसा आठवतो. १९६९ चा महापूर आज्ज्या-आजोबांचा, आणि त्यात साल कुणी साल म्हणून सांगत नाही. ‘तुझ्या काकाच्या वेळी मी बाळंत होते तेव्हा’ असं सांगतात. मुलांनी काकांचं वय विचारून साल काढलं. भांडी बाजारातल्या एकाच ओट्याबद्दल दोन घरांनी दोन वेगळ्या उंच्या सांगितल्या. कोणाचं खरं? दोन मुली यावरून अक्षरशः अबोल्यावर आल्या. मग वर्गानं ठरवलं: एकाच माणसानं सांगितलेली खूण निळी, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी सांगितलेली हिरवी. ओट्याच्या दोन्ही खुणा निळ्याच राहिल्या, दोन्ही नकाशावर आहेत. उगमाचा, म्हणजे आधाराचा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं भाषणात सांगत आले, तो यांनी एका ओट्यावरून सोडवला.

एका मुलीच्या आजी मूळच्या सटाण्याकडच्या, लग्न होऊन पंचवटीत आलेल्या. त्या अहिराणीतच बोलतात. त्यांनी पुराची आठवण नातीला सांगितली, ती आम्ही त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करून भिंतीवर लावली. पाणी दारात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय उचललं, तर जातं हलेना म्हणून पीठ. वर्गातली चार-पाच मुलं घरी अहिराणी बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं, ती शाळेत कधी बोललीच नव्हती. त्यांनी तो आवाज ऐकून शब्दशः लिहून काढला. एकच शब्द दोघांनी दोन तऱ्हांनी लिहिला, आम्ही दोन्ही ठेवले. शोधशब्दांच्या रकान्यानं तेवढं शिकवलं होतं.

नकाशासोबत पुस्तकं बाहेर निघत गेली. मराठी विश्वकोश कपाटात होताच, तो वेबवरही मोफत वाचता येतो, तरी मुलं जाड खंडच मांडीवर घेऊन बसली. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेलं आहे. त्यातलं घाटांचं आणि कुंडांचं वर्णन सरांनी वाचून मराठीत सांगितलं, मुलांनी आजच्या नकाशावर ते कुंड शोधले. काही सापडले, काही नाहीत. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, घाटावर कामं निघतील तशा पायऱ्याही बदलतील, म्हणून सर म्हणतात की आत्ताच सगळ्या खुणांचे फोटो घेऊन ठेवायला हवेत. मला तेच वाटतं. या कामाला घाई आहे.

आज नकाशावर ६३ खुणा आहेत. नकाशा फक्त पाहता येतो, बदलता येत नाही, आणि घराचे नेमके पत्ते त्यात नाहीत, खूण गल्लीच्या तोंडाशी लावली आहे. त्याची छापील प्रत काढली, खुणांची यादी आणि आजींच्या आठवणीचं लिखित रूप मागे जोडलं, बाइंडिंग करून आणलं. चौतीस पानं.

गेल्या शुक्रवारी ती दाखल नोंदवहीत चढवायला घेतली. फुलवाल्या आजोबांचा तो नातू शेजारी उभा होता. लेखकाच्या रकान्यात ‘इयत्ता आठवी’ लिहिलं. मग वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाची फळी ठरवणारा आकडा. मी ९५४.७९२ लिहायला लागले, महाराष्ट्राचा इतिहास. तो म्हणाला, ‘बाई, पण हे पुराचं आहे ना? पाण्याचं कुठे असतं?’ हे आकडे ज्या वर्गीकरणातून येतात त्या ड्यूईच्या तक्त्यात आम्ही दोघांनी मिळून शोधलं. पूर ५५१.४८९ ला आहे, भूशास्त्राच्या शेजारी. तो बराच वेळ दोन्ही कपाटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, पोरं नदीची पुस्तकं शोधायला त्या कपाटाशी जातात, तिथेच ठेवू या. इतिहासाच्या फळीवर एक चिठ्ठी लावू, इथे पाहा म्हणून.

मी खोडून ५५१.४८९ केलं. पाठीवरचं लेबल त्यानं लिहिलं.